विरुद्ध दिशांचे सदिश आणि उणे चिन्हाचा घोळ

एक चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने भिंतीवर सरळ आदळतो आणि सेकंदाला ८ मीटर वेगाने त्याच वाटेने परत येतो. त्याच्या वेगात किती बदल झाला? बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता ‘२’ म्हणतात. बरोबर उत्तर १८ आहे. ही किरकोळ चूक समजून सोडून देण्यासारखी नाही, कारण २ धरून भिंतीने लावलेले बल काढायला गेलात तर ते खऱ्या बलाच्या नवव्या हिश्श्याएवढेच येते.

घोळ होतो तो असा. १० आणि ८ या चेंडूच्या चाली आहेत. चाल म्हणजे नुसते ‘किती भरभर’. वेगात ‘कुठल्या दिशेने’ हेही येते. चालीत फरक खरोखरच २ चा पडला. पण वेगातला बदल विचारला की दिशाही हिशेबात घ्यावीच लागते. भिंतीकडे जाणारी दिशा धन मानू. आधीचा वेग +१०, नंतरचा −८. बदल म्हणजे नंतरचा वजा आधीचा, म्हणजे −८ − १० = −१८. शब्दांत सांगायचे तर भिंतीने आधी चेंडूचा १० चा वेग पार संपवला, मग उलट दिशेने ८ चा नवा वेग दिला. ही दोन्ही कामे भिंतीने एकाच बाजूला ढकलून केली, म्हणून १० आणि ८ यांची बेरीज होते.

चेंडू ६० ग्रॅमचा असेल आणि भिंतीला ५ मिलिसेकंद टेकून राहिला असेल, तर संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल ०.०६ × १८ = १.०८ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद, आणि सरासरी बल १.०८ ÷ ०.००५ = २१६ न्यूटन. साधारण २२ किलोची वस्तू हातात धरल्यावर जितका भार जाणवतो तेवढे. तोच चेंडू ओल्या मातीच्या गोळ्यासारखा भिंतीला चिकटून बसला असता, तर वेगातला बदल फक्त १० राहिला असता. वस्तू थांबवण्यापेक्षा तिला उलटी पाठवायला जास्त जोर लागतो, ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिचा मोठा उपयोग आहे.

आता व्याख्येकडे वळू; ती छोटी आहे. ज्या राशीला परिमाण (म्हणजे किती मोठी) आणि दिशा दोन्ही असतात आणि जिची बेरीज दिशेचे भान ठेवून करावी लागते, ती सदिश राशी. विस्थापन (कुठल्या दिशेने किती सरकले), वेग, त्वरण (वेग बदलण्याचा दर), बल, संवेग या सगळ्या सदिश. ‘अ’ नावाचा सदिश बाणाने दाखवला, तर ‘−अ’ म्हणजे तेवढ्याच लांबीचा पण १८० अंशांत फिरवलेला बाण. दोघांची बेरीज शून्य. वजाबाकी नावाची वेगळी क्रिया सदिशांना लागतच नाही: ‘ब’ मधून ‘अ’ वजा करणे म्हणजे ‘ब’ मध्ये उलटा फिरवलेला ‘अ’ मिळवणे. वर चेंडूच्या बाबतीत आपण नेमके तेच केले.

परिमाण कधीच ऋण नसते. −८ मीटर प्रति सेकंद वेगाच्या चेंडूची चाल ८ च असते. संख्यारेषेवर −८ हा ३ पेक्षा लहान असला तरी −८ वेगाने जाणारा चेंडू ३ वेगाने जाणाऱ्यापेक्षा भरभर जातो. एका सरळ रेषेतल्या गतीत उणे चिन्ह एवढेच सांगते की तुम्ही जी बाजू धन ठरवली तिच्या उलट बाजूला हा बाण आहे. धन बाजू कोणती, हे निसर्गाने ठरवलेले नाही, तुम्ही ठरवले आहे.

सदिश अगदी समोरासमोर नसतील तर? ३ न्यूटन आणि ५ न्यूटन अशी दोन बले एका बिंदूवर लागत असतील, तर त्यांची बेरीज एकाच दिशेला असताना ८, विरुद्ध दिशेला असताना २, आणि मधल्या कोनांत २ ते ८ मधले काहीही असू शकते. १ किंवा ९ मात्र कोणत्याही कोनात येणार नाही. परीक्षेत हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. विरुद्ध दिशा हे या पट्ट्याचे एक टोक आहे, बाकी काही नाही.

मघाची गोष्ट आता पुन्हा घेऊ: उलटे पाठवायला जास्त जोर लागतो. लेस्टर पेल्टन या अमेरिकन कारागिराने १८८० मध्ये ज्या पाणचक्कीचे पेटंट घेतले, ती याच एका मुद्द्यावर उभी आहे. उंचावरून नळाने आणलेले पाणी नोजलमधून जोरदार धारेने चाकावर मारायचे आणि चाक फिरवायचे, ही कल्पना तशी जुनीच. पेल्टनच्या चाकाच्या कडेला सपाट पाती नाहीत, तर जोडवाट्या आहेत. दोन वाट्या शेजारी शेजारी, मध्ये धारदार कणा. धार कण्यावर पडते, दोन भागांत फुटते, वाट्यांच्या आतल्या वळणावरून घसरत जाते आणि जवळजवळ उलटी होऊन बाहेर पडते.

आकडे घालून पाहू. धारेचा वेग सेकंदाला ६० मीटर धरा; घर्षण सोडून दिले तर सुमारे १८४ मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याचा तो वेग होतो. वाटी त्याच दिशेने ३० ने पुढे पळते आहे. वाटीवर बसून पाहिले तर पाणी ६० − ३० = +३० ने येते. वाटी त्याला वळवून त्याच चालीने माघारी पाठवते, म्हणजे वाटीच्या दृष्टीने ते −३० ने निघते. वाटी स्वतः +३० ने पळते आहे, म्हणून जमिनीवर उभ्या माणसाला पाण्याचा वेग दिसतो −३० + ३० = ०. पाणी वाटीतून निघते आणि तिथेच मलूल होऊन खाली पडते. त्याची सगळी गतिज ऊर्जा चाकाने काढून घेतलेली असते. दोन विरुद्ध बाणांच्या बेरजेचे इतके देखणे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

सपाट पाते असते तर? पाणी आपटून बाजूला उडाले असते. धारेच्या दिशेने त्याच्या वेगात बदल ६० ऐवजी ३० चाच झाला असता, म्हणून बलही निम्मे. शिवाय उडालेले पाणी पात्याबरोबर ३० ने पुढे आणि ३० ने आडवे जात राहिले असते. हिशेब केला तर निम्मी ऊर्जा त्या पाण्यातच राहून जाते. प्रत्यक्षातल्या वाट्या पाणी पूर्ण १८० अंशांत वळवत नाहीत, सुमारे १६५ अंशांत वळवतात, कारण अगदी सरळ माघारी आलेली धार पाठोपाठ येणाऱ्या वाटीच्या पाठीवर आदळली असती. या तडजोडीने बलात दोन टक्क्यांहूनही कमी घट होते.

आता त्वरण. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि त्यातला बराचसा पाठांतराने केलेला आहे. ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ हे वाक्य बहुतेकांना तोंडपाठ असते. ते अर्धसत्य आहे, आणि भौतिकशास्त्रात अर्धसत्याची किंमत मोजावी लागते. एक चेंडू सरळ वर १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने फेका. वरची दिशा धन. हवेचा विरोध सोडून दिला तर चेंडू हातातून सुटल्यापासून हाती येईपर्यंत त्वरण सतत −९.८ आहे. वेग बघा: सुरुवातीला +१९.६, एका सेकंदाने +९.८, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी −९.८, चार सेकंदांनी −१९.६. पहिले दोन सेकंद चेंडू मंदावतो. पुढचे दोन सेकंद तो जोर पकडतो. त्वरण मात्र सर्व काळ तेच, ऋणच. म्हणजे मंदावणे त्वरणाच्या चिन्हावर अवलंबून नाही. वेग आणि त्वरण एकमेकांच्या विरुद्ध असतील तर वस्तू मंदावते, एका बाजूला असतील तर तिची चाल वाढते. खालची दिशा धन मानली तर यातली सगळी चिन्हे उलटतील, पण चेंडू कधी मंदावला आणि कधी वेगावला यात काडीचाही फरक पडणार नाही.

शिखरावरच्या क्षणी वेग शून्य असतो, पण म्हणून त्वरणही शून्य होत नाही. तसे झाले असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

याच्या उलटा गैरसमजही असतो: त्वरण वेगाच्या विरुद्ध असले की वस्तू मागे जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून परतणारे यान याला चांगले उत्तर आहे. ते कक्षेत सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जात असते. परतायच्या वेळी यान इंजिनाचे तोंड पुढे करून वळते आणि काही मिनिटे गतीच्या विरुद्ध जोर लावते. सोयूझ यानाच्या बाबतीत या खटाटोपाने वेग सेकंदाला सव्वाशे मीटरच्या आसपास कमी होतो, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. यान अजूनही पुढेच चालले आहे, तेही प्रचंड वेगाने. पण तेवढ्या घटीने त्याच्या कक्षेची दुसरी बाजू वातावरणात बुडते आणि पुढचे काम हवा करते. तिचे बलही वेगाच्या विरुद्धच.

पॅराशूट उघडल्यावर माणूस झपकन वर उचलला गेल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो वर जात नाही. छत्री उघडल्यावर हवेचा विरोध त्याच्या वजनापेक्षा जास्त होतो, त्वरण वरच्या दिशेने होते, वेग खालच्याच दिशेने असतो आणि कमी होत जातो. मग वर गेल्यासारखा का दिसतो? चित्रण करणारा शेजारी अजून मोकळा पडतो आहे, सेकंदाला सुमारे ५५ मीटरने. वरची बाजू धन धरली तर त्याचा वेग −५५. छत्रीवाल्याचा एखाद्या क्षणी −२० झाला असेल तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्याचा वेग −२० − (−५५) = +३५. दोन्ही वेग खालीच, फरक मात्र वर.

विरुद्ध दिशांच्या समान बलांकडे येऊ. ती ‘एकमेकांना रद्द करतात’ असे आपण सर्रास म्हणतो, पण त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही विसरल्या जातात.

पहिली अट: दोन्ही बले एकाच वस्तूवर हवीत. न्यूटनचा तिसरा नियम, १६८७ चा, सांगतो की प्रत्येक बलाला समान आणि विरुद्ध प्रतिबल असते. मग घोडा गाडीला जितक्या जोराने पुढे ओढतो तितक्याच जोराने गाडी त्याला मागे ओढत असेल, तर दोघे हलतात कसे? हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आणि तरीही अनेक जण थातुरमातुर उत्तर देतात. उत्तर साधे आहे. घोड्याचे बल गाडीवर आहे, गाडीचे बल घोड्यावर. दोन वेगळ्या वस्तूंवरची बले एका बेरजेत येतच नाहीत. गाडी हलेल का, हे ठरवताना फक्त गाडीवरची बले घ्या: घोड्याची ओढ पुढे, चाकांचा विरोध मागे. घोड्याचे पाहायचे तर जमीन त्याच्या खुरांना पुढे ढकलते आणि गाडी त्याला मागे ओढते. घोडा पायांनी जमिनीला मागे रेटतो, त्याचे प्रतिबल म्हणजे जमिनीचा हा पुढचा रेटा. तो नसेल, समजा खाली गुळगुळीत बर्फ असेल, तर घोडा कितीही तगडा असो, गाडी जागची हलणार नाही. घोडा आणि गाडी मिळून एकच वस्तू मानली, तर त्यांची एकमेकांवरची बले खरोखर रद्द होतात, आणि बाहेरून लागणारी बलेच उरतात.

टेबलावरचे पुस्तक याहून फसवे आहे. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल त्याला वर रेटते, दोन्ही समान, दोन्ही विरुद्ध, आणि दोन्ही पुस्तकावरच. म्हणून ती रद्द होतात. पण ही तिसऱ्या नियमाची जोडी नव्हे. पारख करायची तर बलाचे वाक्य पूर्ण लिहा आणि नावांची अदलाबदल करा. ‘पृथ्वीने पुस्तकावर लावलेले गुरुत्वबल’ याची जोडी ‘पुस्तकाने पृथ्वीवर लावलेले गुरुत्वबल’. टेबल त्या वाक्यात कुठेच नाही. टेबल काढून घ्या. टेबलाचा रेटा गेला, गुरुत्वबलाची जोडी मात्र पुस्तक पडत असतानाही शाबूत आहे.

दुसरी अट: दोन्ही बले एकाच रेषेत हवीत. गाडीचे स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवताना एक हात वर जातो, दुसरा खाली. समजा प्रत्येक हात २० न्यूटन बल लावतो आणि हातांत ०.४ मीटर अंतर आहे. बलांची बेरीज शून्य, म्हणून चाक जागा सोडून कुठे जात नाही. पण ते फिरते, कारण दोन्ही बलांचा फिरवण्याचा परिणाम एकाच बाजूचा आहे: २० × ०.४ = ८ न्यूटन मीटर. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. बाटलीचे झाकण, नळ, स्क्रू, सगळीकडे हेच. बाण कागदावर कुठेही सरकवता येतो असे आपण बेरजेच्या वेळी शिकतो. वस्तू फिरेल का असा प्रश्न आला की बाण कोणत्या रेषेवर आहे हेही जपावे लागते.

आता थोडे उणे चिन्हाविषयी, कारण भौतिकशास्त्रात प्रत्येक उणे चिन्ह दिशेचे नसते. २ किलोचे खोके गुळगुळीत नसलेल्या फरशीवरून सेकंदाला ३ मीटर वेगाने उजवीकडे घसरते आहे. घर्षण ६ न्यूटन, डावीकडे. गतिज ऊर्जा ९ ज्यूल, म्हणून खोके दीड मीटरवर थांबते. घर्षणाने केलेले कार्य −६ × १.५ = −९ ज्यूल. कार्य तर अदिश राशी, तिला दिशा नाही; मग हे उणे कसले? डावी बाजू धन मानून तोच हिशेब करा. आता बल +६, विस्थापन −१.५, गुणाकार पुन्हा −९. अक्ष उलटवला की बलाचे आणि विस्थापनाचे चिन्ह बदलले, कार्याचे बदलले नाही. ते चिन्ह सांगते की दोन सदिश एकमेकांच्या विरुद्ध होते, म्हणून ऊर्जा खोक्याकडून काढून घेतली गेली. त्रिकोणमितीच्या भाषेत १८० अंशांचा कोसाइन −१ असतो, तोच हा उणे. कुठल्याही उणे चिन्हापाशी अडलात तर हीच कसोटी लावा: मनातल्या मनात अक्ष उलटवा. चिन्ह बदलले तर ते तुमच्या निवडीचे होते. नाही बदलले तर त्याचा अर्थ दुसरीकडे शोधा.

इलेक्ट्रॉनचा ऋण प्रभार या कसोटीवर लगेच ओळखता येतो. अक्ष कसाही धरा, तो ऋणच राहतो. पण त्याच्यामुळे दिशा मात्र उलटतात. विद्युतक्षेत्र उजवीकडे असेल तर इलेक्ट्रॉनवरचे बल डावीकडे. तारेतल्या विद्युतधारेची दिशा धन प्रभाराच्या हिशेबाने ठरवली गेली ती इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये, तोवर रूढी पक्की झाली होती. म्हणून आजही आकृतीतला धारेचा बाण आणि तारेतल्या इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा बाण एकमेकांकडे पाठ करून असतात.

स्प्रिंगच्या सूत्रातला उणे आणखी वेगळा. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आपण आज असा लिहितो: बल = −(स्थिरांक × विस्थापन). स्थिरांक मीटरला २०० न्यूटन असलेली स्प्रिंग ५ सेंटिमीटर ताणली तर ती १० न्यूटन बलाने आत ओढते, ५ सेंटिमीटर दाबली तर १० न्यूटन बलाने बाहेर ढकलते. अक्ष उलटवला तर बल आणि विस्थापन दोघांचीही चिन्हे बदलतात, आणि मधला उणे जसाच्या तसा राहतो. म्हणून ‘स्प्रिंगचे बल ऋण असते’ हे वाक्य चूक आहे. ते कधी धन असते, कधी ऋण. विस्थापनाच्या विरुद्ध मात्र कायम असते. आडव्या स्प्रिंगला अडकवलेले वजन सोडून दिले की ते मध्याकडे धावताना वेग आणि त्वरण एका बाजूला असतात, म्हणून चाल वाढते. मध्य ओलांडला की त्वरण फिरते, वेग फिरत नाही, आणि वजन मंदावत मंदावत दुसऱ्या टोकाला पोचते. तिथे वेग शून्य आणि त्वरण सर्वांत जास्त, पुन्हा मध्याकडे रोखलेले.